पंधरवडा उलटल्यावर: माधवगंजाचा जाहीरनामा

आम्ही ग्वाल्हेरच्या माधवगंजात राहणारी माणसे आहोत. आमच्यात शिक्षक आहेत, परिचारिका आहेत, बँकेतून निवृत्त झालेले कारकून आहेत, दुकानदार आहेत, स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी मुलेमुली आहेत. बहुतेकांच्या घरात मराठी आहे आणि उंबऱ्याबाहेर हिंदी. चळवळीचे काम दोन्ही भाषांत चालेल. आज आम्ही जाहीर करतो की हिंसाचारामुळे घरदार सोडावे लागलेल्या माणसांसाठी आम्ही काम करणार आहोत. ते काम पहिला पंधरवडा उलटला की सुरू होईल आणि वर्षानुवर्षे चालेल.

पहिल्या पंधरवड्यात देशाचे लक्ष असते. वर्गणी जमते, ट्रक निघतात, तांदळाची पोती, ब्लँकेटे, बिस्किटांचे पुडे पोचतात. ज्यांनी ते पाठवले त्यांच्याबद्दल आम्हाला आदर आहे. पण सोळाव्या दिवशी बातमी आतल्या पानावर जाते, महिन्याभरात तिथूनही जाते, आणि छावणीतली माणसे छावणीतच असतात. तिथून पुढचा सगळा काळ त्यांना एकट्याने काढावा लागतो. त्या काळात त्यांच्याजवळ कोणीतरी असावे, एवढ्यासाठी ही चळवळ आहे.

३ मे २०२३ रोजी मणिपूर पेटले. मैतेई आणि कुकी-झो या समाजांतल्या हिंसाचारात २५० हून अधिक माणसे मारली गेली आणि सुमारे ६०,००० माणसांना गाव सोडावे लागले. शाळा, वसतिगृहे, समाजमंदिरे यांच्या छावण्या झाल्या. थोड्या दिवसांची सोय म्हणून जी खोली मिळाली होती, तिच्यात चादरींचे आडोसे लावून कुटुंबांनी संसार मांडले. दोन वर्षे उलटली तरी त्यांतली बहुतेक माणसे घरी परतली नव्हती. त्याआधीची हकीकत याहून कठीण आहे. १९९७ साली मिझोराममधून ब्रू समाजाची हजारो माणसे त्रिपुरात पळून आली. त्यांना कायमचे वसवण्याचा करार झाला १६ जानेवारी २०२० रोजी. मधली २३ वर्षे त्यांनी कांचनपूरच्या आसपास झोपड्यांच्या छावण्यांत काढली. छावणीत जन्मलेल्या मुलींची लग्ने छावणीतच झाली. प्रौढ माणसामागे दिवसाला ६०० ग्रॅम तांदूळ आणि ५ रुपये मिळत. २०१९ च्या ऑक्टोबरात, लोकांनी परत जावे म्हणून, तो शिधाही थांबवण्यात आला होता. काश्मीरच्या पंडितांनी १९९० साली खोरे सोडले. तेव्हाची तान्ही मुले आज स्वतः आईबाप झाली आहेत. विस्थापन आठवड्यांत मोजायचे नसते, पिढ्यांत मोजायचे असते.

हे काम माधवगंजाने का अंगावर घ्यावे, असे आम्हाला विचारले जाईल. म्हणून आमच्या गावाचा इतिहास आम्ही जाणून घेतला आहे आणि तो इथे लिहून ठेवतो.

आम्ही ग्वाल्हेरचे मराठी लोक अभिमानाने सांगतो की भास्करराव तांबे आमच्या शहरात राहिले, की १९६१ चे साहित्य संमेलन इथे झाले आणि कुसुमावती देशपांडे त्याच्या अध्यक्ष होत्या, पहिल्या स्त्री अध्यक्ष. घराण्याची गायकी तर जगभर गेली. मुलांना आम्ही सांगतो की आपले पूर्वज उत्तर जिंकत जिंकत इथवर आले. त्याच पूर्वजांतले कित्येक इथे हरून, उपाशी, अंगावरच्या फाटक्या कपड्यांनिशी आले होते, हे मात्र आम्ही सांगत नाही. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर जे वाचले ते दक्षिणेकडे पळत सुटले. थंडीचे दिवस, मागे पाठलाग, वाटेत लूट. बायका, मुले, कारकून, आचारी, यात्रेला म्हणून सैन्याबरोबर गेलेली माणसे, सगळी त्यात होती. त्यांना पहिला आसरा दिला भरतपूरच्या सुरजमल जाटाने. लढाईच्या आधी त्याचे आणि सदाशिवरावभाऊंचे बिनसले होते आणि तो मराठ्यांची साथ सोडून निघून गेला होता. तरीही हरलेली माणसे त्याच्या मुलखात आली तेव्हा त्याने आणि राणी किशोरीने त्यांना अन्न दिले, कपडे दिले, जखमांवर उपचार केले आणि सोबत देऊन ग्वाल्हेरकडे पोचवले. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई याच वाटेने आल्या. जुने भांडण काढून सुरजमलाने दरवाजा बंद केला असता तर त्याला दोष देणारे थोडेच निघाले असते. त्याने तो उघडला, आणि आमच्या शहराच्या मराठी इतिहासात हे एक फार मोठे देणे राहिले.

दुसरे देणे राणेखानाचे. महादजी शिंदे त्याच रणातून घोड्यावर निघाले असता एका अफगाण स्वाराने त्यांना गाठले, कुऱ्हाडीचा घाव पायावर घातला आणि मेले समजून सोडून दिले. राणेखान नावाच्या भिस्त्याने त्यांना उचलले, आपल्या पखालीच्या बैलावर घातले आणि दक्षिणेत नेऊन पोचवले. महादजी आयुष्यभर त्या पायाने लंगडत. पुढे त्यांनी राणेखानाला भाऊ मानले, सरदारकी दिली, फौजा त्याच्या हाती सोपवल्या. ज्या शिंद्यांच्या नावाने या शहरातल्या गंजांची, चौकांची, महाविद्यालयांची नावे आहेत त्यांचे राज्य एका पाणी वाहणाऱ्या मुसलमान माणसाच्या हाताने वाचले. त्याने जखमी माणसाची जात, बाजू किंवा किंमत विचारली असेल, असे आम्हाला वाटत नाही.

त्यानंतर १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांची फौज किल्ल्याच्या पायथ्याशी तळ देऊन बसली आणि तंबूंच्या जागी हळूहळू वाडे उभे राहिले. आपला महाराजबाडा, सराफा, जनकगंज, माधवगंज ही लष्कर भागातली सगळी वस्ती त्या तळाची आहे. १८५८ च्या जूनमध्ये झाशी गमावलेली राणी काल्पीहून इथे आली आणि इथेच पडली. गंगादासांच्या शाळेतल्या, म्हणजे आखाड्यातल्या, साधूंनी तिचा देह इंग्रजांच्या हाती जाऊ नये म्हणून प्राण दिले, ही आठवण ग्वाल्हेर आजही जपते. तिच्या मुलाची, दामोदररावाची, आठवण मात्र फार थोडे काढतात. नऊ वर्षेही पुरी न झालेला तो पोरका मुलगा काही निष्ठावंत माणसांबरोबर दोन वर्षे रानावनांत भटकला. इंग्रजांच्या भीतीने गावे त्याला थारा देत नव्हती. ग्वाल्हेरच्या इतिहासात आश्रय देणारेही आहेत आणि आश्रयासाठी वणवण करणारेही आहेत. १९४७ नंतर सिंधी आणि पंजाबी कुटुंबे पेटीभर सामान घेऊन लष्करात उतरली आणि त्यांनी इथल्या बाजारात आपली दुकाने थाटली. दर हिवाळ्यात ज्यांच्याकडून आपण स्वेटर घेतो ते तिबेटी विक्रेतेही निर्वासितांचीच मुले. तेव्हा ज्या शहरात जवळजवळ प्रत्येकजण कधी ना कधी कुठून तरी येऊन राहिला आहे, त्या शहराने मणिपूर फार दूर आहे असे म्हणणे आम्हाला पटत नाही.

लांब पल्ल्याची मदत मराठी माणसाला परकी नाही. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत मुलखातून बाहेर पडलेली सुमारे ५,००० पोलिश माणसे, बहुतेक बायका आणि मुले, १९४३ साली कोल्हापूरजवळ वळिवड्याला आली आणि १९४८ पर्यंत राहिली. त्या छावणीत शाळा होत्या, दवाखाना होता, प्रार्थनामंदिर होते, नाटकेही होत. पाच वर्षे एका परक्या देशाची लेकरे कोल्हापूरच्या मातीत वाढली आणि म्हातारी झाल्यावर ती मुले आपले जुने गाव पाहायला परत आली. कल्याणच्या लष्करी छावणीत उतरलेल्या सिंधी निर्वासितांचे १९४९ साली उल्हासनगर झाले. १९३८ साली जपानी आक्रमणाखाली होरपळणाऱ्या चीनला भारताने पाच डॉक्टरांचे पथक पाठवले. त्यात सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे चोळकर होते. बाकीचे परतले, कोटणीस राहिले. ९ डिसेंबर १९४२ रोजी ते तिथेच वारले तेव्हा ते ३२ वर्षांचे होते. आणि मणिपूरचीच गोष्ट सांगायची तर भैय्याजी काणे १९७१ साली उख्रुल भागातल्या डोंगरी गावात शिक्षक म्हणून गेले. तिथल्या मुलांना त्यांनी महाराष्ट्रात शिकायला आणले आणि शिकून ती मुले आपल्या डोंगरात परत जावीत यासाठी आयुष्य घातले. या सगळ्यांत आम्हाला एकच गोष्ट मोलाची वाटते. ही माणसे आणि ही गावे पंधरा दिवसांत थकली नाहीत.

आता आम्ही काय करणार ते.

छावणीत काय कमी पडते याचे जगाने मोजमाप ठरवले आहे. मदतकार्यातल्या संस्था 'स्फिअर' नावाचे निकष मानतात. त्यांत माणशी दिवसाला किमान १५ लिटर पाणी, २० माणसांमागे एक शौचालय आणि डोक्यावर छप्पर असलेली माणशी साडेतीन चौरस मीटर जागा सांगितली आहे. साडेतीन चौरस मीटर म्हणजे सहा फूट रुंद आणि जेमतेम सव्वासहा फूट लांब. वाचणाऱ्याने आपल्या घरात खडूने एवढा चौकोन आखून पाहावा आणि त्यात तीन वर्षांचे कपडे, भांडी, पुस्तके, औषधे आणि आजारपण मांडून पाहावे. कित्येक छावण्यांत तेवढेही मिळत नाही. पाणी आणि शौचालये हे सरकारचे काम आहे आणि ते सरकारने करावे म्हणून आम्ही पत्रे लिहू, अर्ज करू, माहितीच्या अधिकारात विचारू. पण ज्या गोष्टी सरकारी यादीत सहज येत नाहीत त्या आम्ही आमच्याकडे घेतो. मधुमेहाच्या रुग्णाचे इन्सुलिन आणि ते थंड ठेवायची सोय. म्हाताऱ्यांचे चष्मे आणि कानाची यंत्रे. बायकांना पाळीच्या दिवसांत लागणारे कापड आणि आडोशाची न्हाणी. घर जळताना पाहिलेल्या मुलांशी रोज बोलणारे कोणीतरी. आणि कागदपत्रे.

कागदपत्रांवर आम्ही मुद्दाम थांबतो, कारण शहरातल्या सुशिक्षित माणसाला दूर बसूनही हे काम करता येते. घर जळाले की आधार, रेशनकार्ड, जमिनीचा उतारा, दहावीची गुणपत्रिका, मुलाचा जन्मदाखला सगळे एका रात्रीत जाते. त्यानंतर प्रत्येक खिडकीवर माणसाला आपण कोण आहोत हे सिद्ध करावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये मणिपूरसाठी तीन निवृत्त महिला न्यायमूर्तींची समिती नेमली. न्या. गीता मित्तल अध्यक्ष, सोबत न्या. शालिनी फणसळकर-जोशी आणि न्या. आशा मेनन. तपासावर देखरेख करायला महाराष्ट्राचे माजी पोलीस महासंचालक दत्तात्रय पडसलगीकर. हरवलेली ओळखपत्रे लोकांना परत मिळावीत, हा त्या समितीने सुरुवातीलाच मांडलेला विषय होता. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार ६ ते १४ वयाच्या मुलाला वयाचा पुरावा नाही किंवा जुन्या शाळेचा दाखला आला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. 'एक देश, एक रेशनकार्ड' योजनेत दुसऱ्या राज्यातही धान्य मिळू शकते. कायदा आहे, पण छावणीतल्या बाईला तो माहीत नसतो आणि शाळेतल्या कारकुनाला सोयीचा नसतो. आमच्यातले निवृत्त कारकून, मुख्याध्यापक आणि वकील आयुष्यभर हेच अर्ज भरत आणि तपासत आले. ते दुय्यम प्रतींचे अर्ज भरतील, पाठपुरावा करतील, फोनवर माणसाला धीर देतील.

दुसरे काम आमच्या दाराशीच आहे. लक्ष्मीबाई राष्ट्रीय शारीरिक शिक्षण संस्थेत आणि शहरातल्या इतर महाविद्यालयांत ईशान्येकडची मुलेमुली शिकायला येतात. ज्याचे गाव जळाले त्याला सुट्टीत जायला घर उरत नाही आणि सत्राची फी भरायला बापाकडे शेत उरत नाही. अशा विद्यार्थ्यांना राहायला जागा, दोन वेळचे जेवण आणि फीची मदत माधवगंजातली घरे देतील. त्याचबरोबर आम्ही आमच्या शेजाऱ्यांना स्पष्ट सांगतो. या मुलांना बाजारात, टेम्पोत, चहाच्या टपरीवर त्यांच्या डोळ्यांवरून हाका मारल्या जातात. ही हिंसाच आहे. ज्याला आपण घरात पान वाढतो त्याला चौकात चिडवू देणार नाही.

तिसरे काम विक्रीचे. छावण्यांतल्या बायका विणतात, मागावर कापड काढतात, लोकरीच्या बाहुल्या करतात. त्यांना बाजार लागतो. तो माल त्यांनी ठरवलेल्या भावाने आम्ही विकू आणि एकही पैसा मध्ये ठेवणार नाही.

आता दोन्ही बाजूंचा प्रश्न. मणिपूरच्या डोंगरात, कुकी-झोंकडे, जितका पैसा जाईल तितकाच खोऱ्यात, मैतेईंकडे, जाईल. चुराचांदपूरच्या छावणीसाठी जो माणूस काम करील तोच बिष्णुपूरच्या छावणीसाठीही करील. आमच्यापैकी कोणाला एका बाजूचे म्हणणे अधिक पटत असेल, तर ते त्याने आपल्या घरी बोलावे. मदतीच्या पोत्यावर ते उतरवू नये. १८५९ साली सोल्फेरिनोच्या लढाईनंतर इटलीतल्या कास्तिल्योने गावच्या बायकांनी दोन्ही सैन्यांतल्या जखमींची सारखीच शुश्रूषा केली. ते पाहून आंरी द्युनांने जे लिहिले त्यातून रेड क्रॉस उभी राहिली आणि १८६४ चा पहिला जिनिव्हा करार झाला. मणिपुरात दोन समाजांमधल्या सीमेवर चौक्या बसल्या, तेव्हा डोंगर आणि खोरे यांच्यात गाड्या नेणारे बरेचसे चालक पांगल होते, म्हणजे तिथले मुसलमान, कारण त्या भांडणात ते कोणत्याच बाजूचे नव्हते. माणसे आणि माल त्यांनी पलीकडे पोचवला. राणेखानाच्या जातीचे काम ते हेच. आपण लांबचे आहोत ही आमची अडचण आहे, तसे ते आमचे बळही आहे. आमच्यावर कोणत्याच बाजूचा हक्क नाही.

बस्तरही आम्ही विसरलेलो नाही. २००० साली छत्तीसगड वेगळे होईपर्यंत ते आमच्याच राज्याचा भाग होते. २००५ नंतर माओवाद्यांविरुद्ध उभारलेल्या सलवा जुडूम या सशस्त्र मोहिमेच्या काळात तिथले हजारो आदिवासी आपली गावे सोडून तेलंगण आणि आंध्रच्या जंगलांत गेले. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने सलवा जुडूम बेकायदा ठरवली, पण गेलेली माणसे त्या निकालाने परतली नाहीत. तेलंगणात त्यांना गुट्टी कोया म्हणतात आणि अनुसूचित जमातीचा दाखला मिळत नाही. आपल्या गावी जे आदिवासी होते ते सीमा ओलांडताच कागदावर कोणीच राहिले नाहीत. त्यांच्या मुलांचे दाखले हे आमच्या कागदपत्रांच्या कामातले दुसरे प्रकरण असेल.

काही गोष्टी आम्ही करणार नाही. आधी विचारल्याशिवाय काहीही पाठवणार नाही. छावणीतल्या बायकांनी यादी द्यायची, आम्ही ती वाचायची, एवढाच क्रम. घरातले नको झालेले कपडे कोणी आणून दिले तर परत करू. मदत घेणाऱ्याचा फोटो काढणार नाही. या चळवळीला आज आम्ही नाव, बोधचिन्ह किंवा झेंडा देत नाही. पुढे गरज पडली तर पाहू. उत्साही तरुणांचे जथे छावण्या 'पाहायला' पाठवणार नाही. मणिपुरात जायला इनर लाइन परमिट लागते, ते काढून जाईल तो ज्याच्या हाताला काम आहे असाच माणूस, डॉक्टर, परिचारिका, समुपदेशक किंवा नळ जोडणारा. मुलांना आईबापांपासून तोडून शहरात आणणार नाही. जे शिकायला येतील ते आईबापांच्या इच्छेने आणि परतीचे तिकीट हातात घेऊन येतील. कोणाचा देव, भाषा, नाव बदलण्याचा प्रयत्न आमच्यातल्या कोणी केला तर त्याला त्याच दिवशी दूर करू. जमाखर्च दर महिन्याला माधवगंजातच भिंतीवर लावू, हिंदीत आणि मराठीत. त्याची एक प्रत ज्या छावणीचा तो खर्च आहे त्या छावणीला, त्यांना वाचता येईल अशा भाषेत पाठवू. त्यांनी आमचा हिशेब तपासावा.

सरकारकडे आमची मागणी एकच आहे, पण ती मोठी आहे. धरणासाठी किंवा रस्त्यासाठी जमीन गेली तर २०१३ च्या भूसंपादन कायद्यात भरपाई आणि पुनर्वसन सांगितले आहे. हिंसाचारामुळे देशातल्या देशात विस्थापित झालेल्या माणसासाठी मात्र असा कायदा नाही. संयुक्त राष्ट्रांनी १९९८ साली अंतर्गत विस्थापितांसाठी मार्गदर्शक तत्त्वे मांडली, ती कोणावर बंधनकारक नाहीत. म्हणून प्रत्येक वेळी शिधा, निवारा, भरपाई हे सगळे सरकारी आदेशाने ठरते आणि आदेशाने थांबते. संसदेने कायदा करावा. त्यात विस्थापित कोण हे लिहिलेले असावे, छावणीचे किमान निकष असावेत, कागदपत्रे किती दिवसांत द्यायची याची मुदत असावी, परत जायचे की नव्या जागी राहायचे हे त्या माणसाने स्वतः ठरवावे, आणि त्याच्यावर दबाव आणण्यासाठी शिधा बंद करणे हा गुन्हा ठरावा.

आपल्या गल्लीत दुःख कमी आहे का, असे काही जण विचारतात. कमी नाही. ज्याला गल्लीतले काम करायचे आहे त्याने ते जरूर करावे, आम्ही त्याला हात देऊ. पण गल्लीचे नाव पुढे करून कुठलेच काम न करणारे पुष्कळ असतात, त्यांच्याशी आम्ही वाद घालणार नाही. चंबळच्या खोऱ्यात १९६० साली विनोबा चालत गेले आणि बागींनी, म्हणजे डाकूंनी, त्यांच्यापुढे बंदुका ठेवल्या. १९७२ साली जौऱ्याला जयप्रकाशांसमोर पुन्हा तेच घडले. तेव्हाही शहाण्या माणसांनी हे होणार नाही असे सांगितले होते. आमच्या अंगणात घडलेली ही गोष्ट आहे, तिचा विसर आम्ही पडू देणार नाही.

लष्करातल्या, ग्वाल्हेरातल्या आणि जिथे जिथे हे वाचले जाईल तिथल्या बंधुभगिनींनो, आम्हाला मोठ्या देणग्या नकोत. दरमहा १०० रुपये द्या, किंवा आठवड्यातले दोन तास द्या, किंवा एका विद्यार्थ्याला आपल्या घरी जेवायला बोलवा. मात्र जे द्याल ते तीन वर्षे द्या. जे फक्त या महिन्यात देऊ शकतात त्यांनी ते पहिल्या पंधरवड्यात धावणाऱ्या संस्थांना द्यावे, तिथे त्याचा उपयोग होईल. ज्यांना तीन वर्षांचा शब्द देता येईल त्यांनी माधवगंजात येऊन आपले नाव लिहावे.